मंगळवारी आलेली उत्तरं

१

व्यवस्थापन विद्यालयाची प्रमाणपत्रं छापायला जाण्याआधी त्यांवरची नावं तपासणाऱ्या कारकुनाला सगळे अक्षरकाका म्हणत. तीस वर्षांत एक वेलांटी त्यांच्या हातून निसटली नव्हती. त्या सोमवारी सकाळी दोनशे चौदा उत्तीर्णांच्या यादीत त्यांचं बोट एकशे बाराव्या नावावर थांबलं आणि चहा निवेपर्यंत तिथून हललं नाही. नाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती, श्रेणीही चांगली होती. फक्त त्या मुलीच्या शोकसभेची सूचना आठ महिन्यांपूर्वी काकांनी स्वतःच्या हातानं फलकावर लावली होती.

यादी घेऊन काका जिना चढले ते थेट संचालकांच्या खोलीत. संचालक आधी हसले, मग खेकसले आणि मग त्यांनी दार लावून घेतलं. शेवटचं सत्र प्रकल्पाचं. त्यात वर्ग नाहीत, हजेरी नाही. लिहायचं आणि पोर्टलवर टाकायचं. त्या मुलीच्या खात्यातून सातही स्वाध्याय वेळेवर आले होते. तपासणाऱ्यांना नाव दिसत नाही, नुसता बैठक क्रमांक दिसतो. त्यांनी इमानेइतबारे मार्क देऊन टाकले होते.

पंधरा मिनिटांनी विद्यार्थी साहाय्य कक्षाच्या बाईंना वर बोलावणं आलं. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसून पोरांच्या अडचणी ऐकणं हे त्यांचं काम. पोरं तोंडावर त्यांना ताई म्हणत आणि पाठीमागे उद्याताई, कारण कुणीही दारात आलं की "उद्या ये, निवांत बोलू" हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. बाई मनानं वाईट नव्हत्या. एका बाईच्या माथी बाराशे पोरं मारल्यावर कुणाच्याही तोंडी हेच वाक्य बसलं असतं.

"भुतं स्वाध्याय करत नाहीत," संचालक म्हणाले. "हे तिच्या गटातल्या चौघांचं काम आहे."

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. प्रकल्पाला पाच जणांचा गट लागतो. पाचाचे चार झाले की गट मोडतो, पोरांना इतर गटांत वाटतात आणि त्यांचा प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मेलेली मुलगी कागदावर जिवंत राहण्यात त्या चौघांचा फायदाच होता. गुरुवारी समिती बसणार होती. तोवर कुणी कबूल झालं तर एकाची पदवी जाणार, नाही तर चौघांची.

"पोरं तुमच्याशी बोलतात, तुम्ही काढून घ्या," संचालकांनी फर्मावलं. बाई उठल्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण तिचं नाव पटावरून कमी कसं झालं नाही? तो फॉर्म तुमच्याकडूनच येतो ना?"

"बघते," ताई म्हणाल्या, आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरल्या.

२

चौघांपैकी पहिली आली ती गटाची प्रमुख, जिला सगळे कॅप्टन म्हणत. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि विचारायच्या आत बोलून मोकळी झाली. गट मोडला नाही हे त्यांच्या पथ्यावर पडलं होतं, हे तिनं कबूल केलं. त्यांना वाटलं, ऑफिसनं दया दाखवली. विचारायला गेलं असतं तर दया मागे घेतली गेली असती, म्हणून सगळे मूग गिळून बसले. पण तिच्या नावानं कुणी एक अक्षर लिहिलं नाही, असं ती शपथेवर सांगायला तयार होती.

दुसऱ्याला वकील म्हणत. त्यानं ताईंनाच उलट प्रश्न केले. पुरावा काय, साक्षीदार कोण, पासवर्ड कुणाकडे होता. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. घरात पहिली पदवी त्याचीच येणार होती, आणि आजोबांनी ती भिंतीवर लावायला खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. नुसता खिळा घेऊन म्हातारा काय करणार, असं म्हणून तो हसला आणि मग हसायचं थांबला.

तिसरा मौनी. वर्षभरात त्याच्या तोंडून चार वाक्यं ऐकलेला माणूस विद्यालयात सापडला नसता.

"ताई, पोर्टलवर आमच्या गटाचं पान आहे. कुणी आत आलं की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो," तो म्हणाला. "तिच्या नावापुढे लागायचा. मंगळवारी दुपारी."

"तू पाहिलास?"

"दर मंगळवारी. एक ते तीन. तेव्हा आम्ही चौघं वाचनालयाच्या छोट्या खोलीत एकाच टेबलाशी असायचो. किल्लीच्या वहीत आमच्या सह्या आहेत. टेबलावर एकच संगणक, त्यावर हे पान सगळ्यांसमोर उघडं. कुणाच्या हातात फोन नसायचा, कॅप्टन काढून घ्यायची. मी तिला एकदा दाखवलं. ती म्हणाली, तिकडे बघू नकोस."

जिन्याखालच्या त्या खोलीत खिडकी नव्हती, तरी ताईंच्या पाठीवरून गार वारा गेल्यासारखं झालं. त्यांनी मौनीला पाठवून दिलं आणि दोन मिनिटं दार उघडंच ठेवलं.

चौथी होती वसतिगृहातली तिची खोलीसोबतीण. गेलेल्या मुलीचं सामान हिनंच बांधलं होतं. पुस्तकं, कपडे, लॅपटॉप, सगळं तिच्या मामाच्या हवाली केलं. तिची आई शिवणकाम करते, फार चांगली बाई, माझ्या जाकिटाची फाटलेली बाही तिनंच नीट करून दिली होती, असं सांगताना मुलीचे डोळे भरून आले. मग ती हळू आवाजात म्हणाली, की वसतिगृहात लोक काहीबाही बोलतात. ती ट्रकखाली गेली तो शनिवार होता, विद्यालय बंद. मग ती सकाळी सकाळी फाटकासमोरच्या चौकात कशाला गेली? ट्रकवाला म्हणतो ती अचानक पुढे आली. कुणी म्हणतं कुणाला भेटायला गेली होती, कुणी म्हणतं तिनं जाणूनबुजून केलं.

"ताई, ती आदल्या दिवशी, शुक्रवारी, तुमच्याकडे आली होती ना? काय म्हणाली?"

ताईंच्या हातातलं पेन टेबलावर घरंगळलं.

"ते गोपनीय असतं," त्या म्हणाल्या.

३

मुलगी गेल्यावर ताईंनी कडी लावली आणि टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. आठ महिने त्या खणाला त्यांनी हात लावला नव्हता. आत मामानं आणून दिलेला मृत्यूचा दाखला होता, आणि त्याला टाचलेला नाव कमी करण्याचा फॉर्म. वरच्या सगळ्या ओळी भरलेल्या होत्या. शेवटची तेवढी कोरी होती: कक्षाने या विद्यार्थ्यास कोणते साहाय्य दिले?

त्या एका ओळीपाशी ताईंचं घोडं पेंड खात होतं. शोकसभा झाली, फुलं वाहिली, सगळ्यांनी धरून चाललं की नाव कमी झालंच असेल. त्या शुक्रवारी मुलगी दारात आली तेव्हा ताई चष्मा पर्समध्ये टाकत होत्या. नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, मुलगी "बरं" म्हणाली आणि निघून गेली. भेटीच्या वहीत तिनं स्वतःच नाव लिहून ठेवलं होतं. पुढचा 'अडचण' हा रकाना रिकामा राहिला. ताईंना झोपेत तो रकाना दिसत असे, आणि जाग आल्यावर त्या दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला लागत.

रकान्याची आठवण झाली तशी ताईंना आणखी एक गोष्ट आठवली, आणि त्या घाबरल्या. ज्याचा रकाना रिकामा आहे त्याला संगणक दर महिन्याला आपणहून पत्र धाडतो. मजकूर त्यांचाच, खाली सहीही त्यांचीच: 'तू आमच्याकडे आली होतीस. तुझी अडचण आम्ही विसरलेलो नाही. कशी आहेस, कळव.' ही युक्ती समितीला फार आवडली होती. पत्राला कुणी उत्तर दिलं तर ते एका वेगळ्या टपालपेटीत जाई. ती पेटी कुणी उघडायची, हे मात्र कुठल्याच बैठकीत ठरलं नव्हतं.

ताईंनी पेटी उघडली. तीनशे चाळीस उत्तरं न वाचलेली पडून होती. त्यांनी तिचं नाव शोधलं.

पहिलं उत्तर तिच्या मृत्यूनंतर पाच आठवड्यांनी आलेलं. 'मी बरी आहे.' एवढंच.

दुसरं, पुढच्या महिन्यातलं. 'बरी आहे. तिसरं प्रकरण समजत नाही. दोनदा वाचलं.'

तिसरं. 'तिसरं प्रकरण समजलं.'

ताई एकेक उघडत गेल्या. उत्तरं लांब होत नव्हती, पण त्यांच्यातली वाट बघणं वाढत होतं. सगळी मंगळवारची. शेवटचं तीन आठवड्यांपूर्वीचं होतं, आणि ते वाचून ताईंनी संगणकाचा पडदा बंद केला, मग पुन्हा उघडला, कारण आपण नीट वाचलं यावर त्यांचाच विश्वास बसेना.

'तुम्ही लिहिता की माझी अडचण तुम्ही विसरला नाहीत. माझी अडचण काय होती, ते तुमच्याकडे लिहून ठेवलं आहे का?'

४

मंगळवारी सकाळी ताईंनी अक्षरकाकांकडून तिचे सगळे कागद छापून घेतले. काकांनी गठ्ठा दिला तो दोन बोटांत धरून.

स्वाध्याय वाचताना ताईंची भीती हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी कुतूहल आलं. पुस्तकी व्याख्या जेमतेम होत्या. पण ग्राहक खरं बोलतो का, या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं होतं: 'माप द्यायला उभं राहिलं की माणूस पोट आत घेतो. तेव्हा दोन बोटं सैल धरावं. प्रश्नावलीचंही तसंच असणार.' परीक्षकानं समासात लिहिलं होतं, 'उत्तम, अनुभवाचं.' तेवीस वर्षांच्या मुलीला असला अनुभव कुठून, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. त्याला फक्त क्रमांक दिसत होता.

सगळ्यात शेवटी सहकाऱ्यांच्या मूल्यमापनाचा कागद होता. प्रकल्प संपला की प्रत्येकानं शंभर मार्क आपल्या गटात वाटायचे. पोर्टलवर पाचही नावांच्या ओळी येतात. आपली ओळ कोरी सोडायची असते. हा नियम कुठंही छापलेला नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी वर्गात प्राध्यापक तो तोंडी सांगतात, आणि कुणीतरी स्वतःलाच शंभर देण्याचा विनोद करतं.

तिच्या कागदावर पाचही ओळी भरलेल्या होत्या. चौघांना चोवीस-चोवीस आणि स्वतःला चार.

ताई त्या चारच्या आकड्याकडे बघत राहिल्या. कॅप्टन, वकील, मौनी, खोलीसोबतीण, चौघंही पहिल्या दिवशी वर्गात होते. त्यांच्यापैकी कुणी हा कागद भरला असता, तर तिची ओळ डोळे मिटून कोरी सोडली असती. आणि लबाडी करायला बसलेला माणूस स्वतःचं ताट सोडून इतरांच्या ताटात वाढत नाही. हा कागद भरणारं माणूस त्या वर्गात कधी बसलंच नव्हतं. त्या मुलीचे मार्क आपण ठरवायचे याचा त्याला संकोच वाटत होता, जसा घरच्या माणसाला वाटतो.

घड्याळात साडेबारा वाजले होते. ताईंनी नोंदवहीतून तिच्या घरचा पत्ता उतरवून घेतला, पर्स उचलली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजाराची बस पकडली.

बाजारात सामसूम होती. मंगळवार हा तिथला सुटीचा दिवस. सगळी दुकानं कुलपात, पत्त्यावरचं एक तेवढं अर्ध्या शटरवर होतं. आतून मशीनचा आवाज येत नव्हता. कुणीतरी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, टकटक करत होतं.

ताईंनी वाकून शटरवर हात मारला, आणि टकटक थांबली.

५

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला संचालक आणि दोन प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला चौघं पोरं, आणि टोकाला कागदांचा गठ्ठा घेऊन ताई. अक्षरकाका यादीसकट हजर होते.

ताईंनी उगाच पाल्हाळ लावलं नाही. किल्लीची वही उघडून सातही मंगळवारच्या सह्या दाखवल्या, शेजारी सात स्वाध्याय आल्याच्या वेळा ठेवल्या. मग मूल्यमापनाचा कागद मधोमध सरकवला आणि म्हणाल्या की विद्यालयातल्या कुठल्याही पोराला विचारा, आपली ओळ कोरी सोडतात हे तो झोपेतही सांगेल. वकिलानं मान उंचावून तो कागद वाचला. "स्वतःला चार?" तो पुटपुटला, आणि त्याला जे कळलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बरं, मुलं सुटली," संचालक म्हणाले. "पण मग लिहिलं कुणी?"

"त्या बाहेर बसल्या आहेत. त्यांना आत बोलावण्याआधी माझं सांगते," ताई म्हणाल्या. त्यांनी खणातला फॉर्म टेबलावर ठेवला. "नाव कमी झालं नाही ते माझ्यामुळे. दाखला आठ महिने माझ्याकडे पडून होता. कक्षानं तिला काय साहाय्य दिलं, ही शेवटची ओळ मला भरता येत नव्हती. काय कारवाई करायची ती करा, तिला माझी हरकत नाही."

ताईंनी दार उघडलं.

आत आली ती पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटांवर सुईच्या टोचण्या. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही. चौघांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला. मला हे माहीत नव्हतं."

खोलीसोबतीण उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

प्राध्यापकांपैकी एकानं, जरा मऊ आवाजात, असं का केलंत ते विचारलं.

"दर महिन्याला तिच्या नावानं पत्र यायचं," आई म्हणाली. "तू आली होतीस, तुझी अडचण विसरलो नाही. मला तर तिला काही अडचण आहे हेच ठाऊक नव्हतं. दोनदा फोन केला. तिकडून म्हणाले, विद्यार्थ्याखेरीज कुणाला सांगता येत नाही. मग म्हटलं, विद्यार्थी होऊ. तिनं लॅपटॉपवर पासवर्ड चिकटवून ठेवला होता. आत गेले तर तिथं लिहिलेलं की स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर नाव निघेल. नाव निघालं की विचारायला जागा उरणार नाही. म्हणून तिची पुस्तकं वाचली. जमेल तसं लिहिलं."

आईनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, ताईंकडे तोंड केलं.

"मंगळवारी तुम्ही म्हणालात, गुरुवारी सगळ्यांसमोर सांगते. आता सांगा. शनिवारी कॉलेज बंद होतं. माझी मुलगी त्या चौकात कशाला गेली होती?"

दुकानात शटरखाली उभं राहून ताईंना ते सांगता आलं नव्हतं. इथं मात्र ते लपवायला खण नव्हता.

"माझ्याकडे येत होती," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी ती आली तेव्हा मी घरी निघाले होते. तिला म्हटलं, उद्या ये. मी सगळ्यांनाच तसं म्हणते. उद्या शनिवार आहे, कक्ष बंद असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नाही. ती बरं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली."

कॅप्टननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडत होती?" आईनं विचारलं.

"नाही. हातात वही होती. जाताना हसली सुद्धा."

"आणि अडचण?"

"ती मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

आई टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. तिच्या ओठांची हालचाल होत होती, कापडावर खूण करण्याआधी माप मनात म्हणून बघावं तशी.

"आठ महिने लोक मला येऊन सांगायचे, की ती जीव द्यायला गेली," ती म्हणाली. "बाहेरचे सांगायचे, घरचेही सांगायचे. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. शेवटी शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

तिनं टेबलावरचा हात उचलला.

"ती विचारायला निघाली होती. विचारायला निघालेलं माणूस जीव द्यायला जात नाही."

"नाही," ताई म्हणाल्या.

"हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत क्षमा नव्हती, आणि ताईंनी ती मागितलीही नाही. मग आईनं फॉर्म स्वतःच्या बोटांनी ताईंपुढे सरकवला.

"आता तिचं नाव काढा," ती म्हणाली.

अक्षरकाकांनी आपलं पेन पुढे केलं. ताईंनी शेवटची ओळ भरली, खाली सही केली, तारीख टाकली. लिहून होईपर्यंत आई तिथंच उभी होती.